हातात उरलेला खडा

मास्तरचा मला अजून राग आहे. माणूस गेला की राग जातो असं लोक सांगतात. त्यांचा जात असेल. मी त्याच्या तेरवीला गेलो, पंगतीत बसलो, पान वाढलं तसंच ठेवून उठलो आणि त्याच्या पोराकडे शिट्टी मागितली. पोरगा पुण्याला नोकरीला असतो, चांगला आहे. म्हणाला, काका, ती गंजलेली शिट्टी काय करता, बाबांचं नवं स्वेटर आहे, ते घ्या. मी म्हटलं, स्वेटर तू घाल, मला शिट्टी दे.

मी चौथी नापास. अक्षर वाकडं येतं, कारण लिहिणारा हात डावा आहे. उजवा का नाही, ते पुढे येईल. ज्याला वाचायचं त्याने वाचावं. मी आजवर कोणाला अर्ज केला नाही, आताही करत नाही.

मोताळ्यात मास्तरच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या, मी आणि माझी बायको. मास्तर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेला. उंच, वाळका, पायात पांढरे कापडी बूट, गळ्यात दोरीला शिट्टी. घरात एकटाच. खोली दाखवायला आला तेव्हा नळाचं नाही, लाईटचं नाही, काहीच बोलला नाही. माझ्या मागे आला आणि उजव्या खांद्यात, मान संपते तिथे, अंगठा रोवला. म्हणाला, "छातीत तं नाही दुखत?"

मी म्हटलं, नाही.

"मंग ही गाठच हाय. नाव काय हिचं?"

मी म्हटलं, गाठ काय बकरी हाय का, नाव ठेवाले?

"ठेवा लागत नाही, मिस्त्री. राह्यतेच. फक्त सांगा लागते."

मी तिथेच बायकोला म्हटलं, हे डोकं सरकलेलं आहे, दुसरीकडे पाहू. पण खोलीत वारा चांगला येत होता आणि बायकोला पुढचा ओटा आवडला. राहिलो.

हा अंगठा त्याने गावात कोणाला लावला नाही असं नाही. किराणा घेताना दुकानदाराला लावायचा, दाढी करताना उलट न्हाव्यालाच लावायचा. एकदा स्टँडवर हवालदाराला लावला. मी सोबत होतो. हवालदार बाकावर बसलेला, घामाघूम, मान एका बाजूला धरलेली. मास्तरने मागून जाऊन अंगठा घातला, छातीचं विचारून घेतलं आणि म्हणाला, साहेब, ही गाठ कोणाच्या नावाची? हवालदाराने आधी हात उगारला. मग खाली घेतला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि लहान भावाचं काहीतरी सांगू लागला. गावात आजही सांगतात की हवालदार रडला. खोटं आहे. रडला नाही, मी पाहिलं. त्याने दोघांना चहा पाजला एवढंच.

आणि ते छातीचं. गाठीचं नाव विचारण्याआधी तो प्रत्येकाला विचारायचाच, छातीत तर नाही दुखत? कोणी हो म्हटलं की संपलं. मग तो काही ऐकत नसे. एकदा बाजारातून मिरचीची भजी खाऊन आलो होतो. घरात बनियनवर बसलो होतो आणि बायकोला म्हटलं, छातीत जळजळ करते. भिंतीपलीकडून त्याने ऐकलं. आला, मला उचलल्यासारखं केलं आणि लुनावर मागे बसवलं. मी बनियन आणि चट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर. भर बाजाराच्या दिवशी, भाजीवाल्यांच्या मधून, शिट्टी वाजवत गाडी काढली. डॉक्टरने छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली आणि ढेकर आली का म्हणून विचारलं. आली होती. मी मास्तरशी आठ दिवस बोललो नाही. आठव्या दिवशी तो म्हणाला, "रागवा. पन दुखलं तं पुन्हा नेईन."

मला तेव्हा वाटलं, याला हौस आहे.

त्याची खरी शाळा सकाळी सहाला ओट्यावर भरायची. विद्यार्थी दोन. एक इस्माईलभाई, गाद्या भरणारा पिंजारी, कंबर धरलेला. दुसरी सखूमावशी, भाजी विकणारी, तिला रात्रभर झोप नाही आणि जबडा घट्ट. मास्तर शिट्टी मारायचा, तिघं ओळीत मांडी घालून बसायचे आणि हजेरी सुरू व्हायची. माणसांची नाही, अंगाची.

"पाय?" "हजर." "गुडघा?" "हजर." "कंबर?"

"कंबर रजेवर हाय मास्तर," इस्माईलभाई म्हणायचा. "अर्ज टाकेल हाय."

मास्तर हसत नसे. म्हणे, अर्ज नामंजूर.

मग तो प्रत्येकाच्या मुठीत दहा चिंचोके द्यायचा. डोळे मिटायचे. श्वास बाहेर जाईल तसा एकेक चिंचोका पुढच्या ताटलीत सोडायचा आणि प्रत्येक चिंचोक्यासोबत मनात तीन ओळी म्हणायच्या. माह्याकडून झालं. म्या पाह्यलं. आता सोडलं. दहा पडले की शिट्टी. त्याचं म्हणणं असं की माणूस दुसऱ्याला एकदा शिक्षा करतो आणि विसरतो, पण स्वतःला रोज करतो. कुठे करतो? अंगात. कोणी कंबरेत, कोणी जबड्यात. औषध लावून ते निघत नाही, कारण तो आजार नाही, ती कोठडी आहे, आणि चावी आपल्याच हातात. असं तो सांगायचा. कुठेतरी दहा दिवस तोंड बंद करून बसून आला होता, तिथून काही आणलं, बाकी स्वतःचं जोडलं. शिट्टी तर नक्की स्वतःची.

मी खोलीच्या दारातून ऐकायचो आणि माझं डोकं तापायचं. सोडलं म्हणायला काय लागतं? जखम दुसऱ्याच्या अंगावर, आणि माफी मी मलाच देऊ? हा कुठला न्याय? चोराने स्वतःलाच सोडून द्यायचं तर मग तालुक्याला कोर्ट कशाला बांधलं? एकदा मी हे त्याला तोंडावर बोललो. तो म्हणाला, "बरोबर बोलता मिस्त्री. पन तुमची मूठ काऊन वळेल हाय?"

मी खाली पाहिलं. वळलेली होती. ती नेहमीच वळलेली असते.

आता ते सांगतो.

मी विहिरीचे बार उडवायचो. रोहिणखेडपासून पार घाटाखालपर्यंत लोक मला शोधत यायचे. मुरूम कोणीही खोदतो. खाली काळा पाषाण लागला की माझं काम. दगडात भोकं पाडायची, त्यात सुरुंगाचे तोटे भरायचे, वाती लावायच्या. प्रत्येक वात वेगळ्या लांबीची कापायची, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. मोजणं हीच खरी विद्या. माझी पद्धत माझ्या बापाची होती. जितकी भोकं तितके खडे उजव्या मुठीत घ्यायचे. वाती पेटवून वर यायचं, तीन वेळा हाळी द्यायची, लांब जाऊन बसायचं. एक बार झाला, एक खडा खाली. मूठ रिकामी झाली तरच विहिरीत माणूस उतरवायचा. हातात एक जरी खडा राहिला तरी त्या दिवशी काम बंद, मग शेतकरी शिव्या देवो की पाया पडो. खाली एक बार जिवंत आहे, त्याला रात्र द्यायची. तीस वर्षांत माझा खडा चुकला नाही. मी ते छाती काढून सांगायचो.

माझा साळा माझ्या हाताखाली होता. बायकोचा धाकटा भाऊ. गाव संग्रामपूरकडे, पण राहायचा आमच्यातच. खाली उतरायचं काम त्याचं, कारण तो हलका होता आणि घाबरत नव्हता.

त्या दिवशी सात भोकं होती. सात खडे घेतले. सहा बार झाले. सातव्याची वाट पाहिली. नाही झाला. विडी ओढली, नाही झाला. मूठ उघडून पाहिली तर एक खडा. शेतकरी जेवायला घरी गेलेला. दगड वर ओढणारी यारी चालू होती, तिच्या इंजिनाचा आवाज मोठा, यारीवाल्याला आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. साळ्याने विचारलं, भाऊजी, सहाच ऐकले का हो? आणि मी म्हटलं, दोन संगं उडाले. उतर.

का म्हटलं? दुसऱ्या गावात दुसरी विहीर थांबली होती, संध्याकाळी पोचतो म्हणून मी शब्द दिला होता. दुसरं, पोराने मला विचारलं याचाच राग आला. तीस वर्षं खडे मोजलेल्या माणसाला तू मोजायला शिकवतो का? मी तो खडा सदऱ्याच्या खिशात टाकला.

तो यारीच्या टोपल्यात बसून उतरला. खाली दगडाला लोखंडी सब्बल लावली.

जीव वाचला. डावा डोळा गेला, डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि मान जी धरली ती उजवीकडे वळेना. शुद्धीवर आला तेव्हा त्याला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. सकाळी भाकर खाल्ली तिथपर्यंत आठवे, पुढे कोरं. दवाखान्यात सगळे मला विचारत होते, शेतकरी, पोलीस, सासू, बायको. आणि मी म्हटलं, मी नको म्हणत होतो. त्याने ऐकलं नाही.

एवढंच म्हटलं. दोन वाक्यं. चौदा वर्षं ती दोन वाक्यं उभी राहिली. खडा दवाखान्याच्या बाहेर रस्त्यावर फेकला, पुरावा होता ना. विहिरीचं काम त्या दिवसापासून सोडलं. लोक म्हणाले, बघा, साळ्याच्या दुःखाने मिस्त्रीने धंदा सोडला. मी ऐकून घेतलं. पुढे कापसाच्या जिनिंगवर राखणदारी केली. आणि उजवी मूठ हळूहळू वळत गेली, खांदा वर चढला, हात डोक्यापर्यंत जाईना. गोळ्या झाल्या, तेल झालं, शेक झाला. शेवटी सदऱ्याची बटणं बायकोने लावायची वेळ आली. लावताना ती म्हणायची, माझ्या भावासाठी किती लावून घेतलं मनाला. मी भिंतीकडे पाहायचो.

त्या बटणांपायी मी ओट्यावर गेलो. मास्तरसाठी नाही. एका सकाळी गेलो, सगळ्यांकडे पाठ करून टोकाला बसलो. इस्माईलभाई म्हणाला, या मिस्त्री, आज आमच्या वर्गात? मी म्हटलं, वारा खायला आलो. मास्तर चिंचोके घेऊन आला. डाव्या हातात चिंचोके द्यायला लागला, मग थांबला, माझी उजवी मूठ एका एका बोटाने उघडली आणि त्यात ठेवले.

बसलो. श्वास सोडला, चिंचोका सोडला. त्या तीन ओळी म्हटल्या नाहीत, मनात त्याला शिव्या दिल्या. शिव्या देत देत चिंचोके पडत गेले. शिट्टी झाली. डोळे उघडले तर ताटलीत नऊ. दहावा मुठीत, आणि मूठ बंद. मी डाव्या हाताने ती उघडली.

दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी नऊ. मी ठरवून दहावा टाकायला गेलो तर बोटं ऐकेनात. मास्तर रोज ताटली पाहायचा आणि रोज काही बोलायचा नाही. एखाद्याला शिव्या देणं सोपं आहे, पण असा न बोलणारा माणूस छातीवर बसतो. महिन्याने मीच ओरडलो, काय पाहता हो रोज? तो म्हणाला, "एक राह्यते तुमचा."

मी म्हटलं, हात खराब आहे.

"हात खराब असता तं दहाही राह्यले असते."

मी आठ दिवस ओट्यावर गेलो नाही. नवव्या दिवशी परत गेलो, कारण पहिले नऊ पडताना खांदा अर्धा बोट खाली येत होता, आणि हे मला कबूल करायचं नव्हतं पण सदऱ्याचं वरचं बटण मला लावता येऊ लागलं होतं.

मग साळा आला. चौदा वर्षांत तो वर्षातून एकदा यायचा, बहिणीला भेटायला. यावेळी मानेचं दुखणं फार वाढलं होतं, डोकं ठणकत होतं. बायको म्हणाली, चार दिवस राह्य, मास्तरच्या ओट्यावर बस, भाऊजीचा खांदा पाह्य कसा उतरला. मला म्हणता आलं नाही, नको बसवू. काय कारण सांगणार होतो?

तो बसला. माझ्या शेजारीच जागा मिळाली. दोन बोटं शिल्लक असलेल्या हातावर चिंचोके ठेवून दुसऱ्या हाताने एकेक सोडायचा. पहिल्या दिवशी दहा. दुसऱ्या दिवशी दहा. माझे नऊ. मास्तर दोन्ही ताटल्या पाहत होता.

तिसऱ्या दिवशी बायको चहा घेऊन ओट्यावर आली होती, म्हणून तीही तिथेच. मास्तरने साळ्याच्या मानेत अंगठा घातला, आधी छातीचं विचारलं, मग गाठीचं नाव विचारलं.

साळा खाली पाहत म्हणाला, "भाऊजी नको म्हनत होते, मास्तर. म्या ऐकलं नाही. माह्या डोयाचं काही नाही, तो गेला तं गेला. पन त्यायचा धंदा माह्यामुळं बसला. एवढं नाव होतं त्यायचं. बहिनीच्या संसाराची माती केली म्या."

माझी बायको पदराने डोळे पुसू लागली. आणि मास्तर, तो गुन्हेगार, माझ्याकडे न पाहता त्याला म्हणाला, "मंग म्हन. मोठ्यानं म्हन. माह्याकडून झालं."

साळ्याने डोळा मिटला. एकच आहे त्याला. त्याने पहिला चिंचोका चिमटीत धरला आणि म्हणाला, "माह्याकडून झालं."

चिंचोका ताटलीत पडला, त्याचा आवाज झाला. दुसरा धरला. "माह्याकडून..."

"चूप," मी म्हटलं. "त्याच्याकडून नाही झालं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी साळ्याकडे पाहत नव्हतो, मास्तरकडे पाहत होतो, त्याला मारायला उठावं असं वाटत होतं. म्हटलं, "सात खडे होते. सहा पडले. एक माह्या हातात होता. यानं मले इचारलं, सहाच ऐकले का हो. म्याच म्हटलं, उतर."

साळा म्हणाला, "तुम्ही तं नको म्हटलं होतं."

"नाही म्हटलं. खोटं बोल्लो."

इस्माईलभाईने मान खाली घातली. सखूमावशीने ताटली उगाच सरळ केली. साळ्याने माझ्या मुठीकडे पाहिलं. मग त्याने एकच गोष्ट विचारली. मला वाटलं होतं, का केलं विचारेल. त्याने विचारलं, "सातवा खडा कुठी टाकला, भाऊजी?"

मी सांगितलं. दवाखान्याबाहेर, रस्त्यावर.

"मी अंदर होतो तवा?"

"हो."

त्याने उरलेले नऊ चिंचोके जमिनीवर नीट ठेवले, बहिणीला म्हणाला, बाई, माह्यी पिशवी आन. बायको हलली नाही. तो स्वतः आत गेला, पिशवी घेतली, डोक्याला दुपट्टा बांधला आणि स्टँडकडे चालायला लागला. मान तशीच वाकडी. चहा ओट्यावर गार झाला.

बायको मला म्हणाली, "माह्या मायनं मरेपर्यंत त्यालेच बोल लावले." मग आत गेली. त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, ठेवायची, जायची. बटणं लावायला आली नाही. वरचं एक मी लावायचो, खालची उघडी ठेवून जिनिंगवर जायचो. लोक विचारत, मिस्त्री, असं काऊन? मी म्हणायचो, गरम होते.

त्याच दिवशी दुपारी मी मास्तरच्या घरात शिरलो. तो जेवत होता. मी म्हटलं, तुले माहीत होतं. तू त्याले मुद्दाम माह्याजोळ बसवलं. त्याने नाही म्हटलं नाही. म्हणाला, त्याचे दहाही पडत होते आणि तुमचा एक राहत होता, मग कोण कोणाचं ओझं वाहतो ते मला दिसत होतं. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबलो. तुम्ही सांगेनात.

मी म्हटलं, माझं घर मोडलं तू. चौदा वर्षं सगळं नीट होतं.

"कोनाचं नीट होतं?"

मी अजून चिडलो. मी म्हटलं, "अन् तुह्यं काय बे? दुनियेच्या गाठी चाचपते. तू रोज कशासाठी बसते? तुह्या गाठीचं नाव सांग ना."

तो हात धुऊन आला. समोर बसला. आणि पी.टी. च्या मास्तरसारखं, ताठ, एका आवाजात सांगितलं. त्याची बायको एका सकाळी म्हणाली, छातीत धरल्यासारखं होते. याने आयुष्यभर पोरांना एकच सांगितलेलं, दुखलं की हालचाल करा, मोकळं होतं. तेच तिला सांगितलं. म्हणाला, ग्राउंडला दोन चक्कर मारून ये, मोकळं होईल. ती म्हणाली, नाही जमणार. याने शिट्टी मारली. थट्टेने. ती हसली आणि गेली. एक चक्कर मारली, दुसरी अर्धी. परत आली आणि याच ओट्यावर बसली ती बसलीच.

"नऊ वर्षं झाले," मास्तर म्हणाला. "रोज बसतो. दहाही चिंचोके सोडतो."

मी विचारलं, मग सुटलं?

"नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला स्वतःला जमलं नाही तो आम्हाला शिकवत होता. मी म्हटलं, "मंग आमाले काऊन बसवते बे?"

तो म्हणाला, "एकट्यानं बसवत नाही, मिस्त्री."

मी उठून आलो. दार आपटलं. पण दुसऱ्या दिवशी सहाला शिट्टी झाली तेव्हा ओट्यावर होतो. का, ते मला विचारू नका. त्याच्यासाठी गेलो म्हणा, माझ्यासाठी म्हणा. इस्माईलभाई सरकला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या तीन ओळींतली पहिली ओळ म्हटली. माह्याकडून झालं. नऊ वेळा म्हटली. दहावा चिंचोका मुठीतच राहिला. मास्तरने ताटली पाहिली आणि म्हणाला, नाव सांगून झालं, घाई नाही.

घाई नाही म्हणे. त्याला होती. तीन वर्षांनी गेला. छातीतच दुखलं. त्याने कोणाला सांगितलं नाही, दुपारी पांढरे बूट घालून ग्राउंडवर गेला आणि चालत राहिला. लोकांनी पाहिलं, दोन चक्कर पूर्ण केल्या, तिसरीला बसला. सगळे म्हणतात, मास्तरला कळलं नाही. ज्याने माझ्या ढेकरेसाठी मला चड्डीवर दवाखान्यात नेलं, त्याला कळलं नाही? मला याचाच राग आहे. दुसऱ्याच्या छातीला गाडी काढायची आणि स्वतःच्या छातीला शिक्षा द्यायची. एवढी वर्षं बसून हेच शिकला? मला हाक मारायची होती. भिंतीपलीकडे होतो. लुना मलाही चालवता येते, एका हाताने.

साळा त्या दिवसानंतर आला नाही. त्याच्या बहिणीला फोन करतो. मास्तर असतानाच, चार महिने झाल्यावर, एका संध्याकाळी तिने फोन ठेवला आणि भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून, पहिल्यांदा बोलली.

"त्याची मान फिरते म्हनते आता. उजवीकडं पाह्यता येते."

मी विचारलं, अजून काय म्हणाला?

"तुमचं नाव नाही घेतलं."

मला बरं वाटलं. त्याने माफ केलं असतं तर मी त्यालाही शिव्या दिल्या असत्या. चौदा वर्षं माझा खडा त्याच्या मानेत होता, तो निघाला, एवढं पुरे. माझा खांदा आहे तिथेच आहे. मूठ वळलेलीच आहे.

आता ओट्यावर शिट्टी मी वाजवतो. मास्तरच्या पोराने आमच्या खोल्या काढून घेतल्या नाहीत, ओटाही तसाच ठेवला. इस्माईलभाईची कंबर अजून रजेवरच असते आणि मी अर्ज नामंजूर करतो. मास्तरसारखं मला ताठ म्हणता येत नाही, माझ्या तोंडून शिवी येते. सखूमावशी म्हणते, जुना मास्तर बरा होता. मी म्हणतो, मग त्याच्याकडे जा.

मागच्या आठवड्यात शिट्टी मारायला घेतली आणि मागे दाराची कडी वाजली. बायको आली. इतक्या वर्षांत ती या ओळीत कधी बसली नव्हती, चहा ठेवून आत जायची. ती आली, पदर खोचला, माझ्यापासून लांब, पार टोकाला बसली आणि हात पुढे केला. मी दहा चिंचोके मोजून तिच्या हातात दिले.

पद्धतीप्रमाणे आधी छातीचं विचारायचं असतं. मी विचारलं. ती म्हणाली, नाही. मग गाठीचं नाव विचारायचं असतं. ते मी विचारलं नाही. इस्माईलभाई, सखूमावशी, दोघांनी डोळे आधीच मिटून घेतले.

तिने मूठ बंद केली. मी शिट्टी मारली.